बापाची बॅट

आमच्या लीगमध्ये नऊ वर्षांच्या पोराच्या हातात जी बॅट दिसते ती बापाची असते. पोर ती फक्त उचलतं, आणि पुष्कळदा धड उचलतही नाही, कारण ती त्याला झेपत नाही.

मी न्यू जर्सीत राहतो आणि गावच्या बेसबॉल लीगमध्ये स्वयंसेवक कोच आहे. स्वयंसेवक म्हणजे पगार शून्य, टोपी फुकट आणि शनिवारची सकाळ गेली. फेब्रुवारी सरत आला, रस्त्याकडेचे बर्फाचे ढीग काळे पडून वितळायला लागले, की मराठी घरांमधून फोन सुरू होतात. "दादा, आमच्या चिरंजीवांना कुठली बॅट घेऊ?" मी मुलाची उंची विचारतो, वजन विचारतो, गेल्या वर्षी कितीची बॅट होती ते विचारतो. पलीकडे शांतता. उंची माहीत नाही, वजन "तसं नॉर्मलच आहे", आणि बॅट मात्र ठरलेली आहे. संघातल्या कुणाच्या तरी हातात पाहिलेली, चारशे डॉलरची. फोन सल्ल्यासाठी नसतोच. उद्या घरात क्रेडिट कार्डाच्या बिलावरून विषय निघाला तर "कोचनेच सांगितली" म्हणता यावं, एवढ्यापुरता मी हवा असतो. तेव्हा एकदाच लेखी देऊन टाकतो. मी सांगितलेली नाही.

चारशे डॉलर म्हणजे पस्तीस हजार रुपयांच्या घरात. पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेले आजोबा हा हिशेब मनातल्या मनात करतात आणि गप्प बसतात. मुलाकडे राहायला आल्यावर मुलाच्या खर्चाबद्दल बोलायचं नसतं, एवढं त्यांना कळतं. मैदानावर माझ्या शेजारी घडीची खुर्ची टाकून बसले की मात्र बोलतात. त्यांची भाषा छापण्याजोगी नसते, पण मत माझ्यासारखंच असतं.

मराठी माणसाला क्रिकेटची बॅट कळते. काश्मीर विलो की इंग्लिश, ग्रेन्स किती, साइज पाच की सहा, तेल पाजलं का, हे आपल्याकडे शाळकरी पोरंही बोलतात. त्या भरवशावर आपण धरून चालतो की बेसबॉलची बॅटही आपल्याला कळते. क्रिकेटची बॅट सपाट असते. चेंडू नुसता अडवला तरी भागतं, आणि ग्लान्सला तर बॅट फिरवावीही लागत नाही. बेसबॉलमध्ये गोल चेंडू गोल दांड्याने मारायचा, तोही टप्पा न पडता सरळ येणारा, आणि अडवून दिवस काढण्याची सोय नाही. दांडा किती लवकर आणि किती काबूत फिरतो, यावरच सगळं. बारा वर्षांपर्यंतच्या लिटल लीगमध्ये पिचर ४६ फुटांवरून टाकतो. ताशी ६० मैलांनी टाकलेला चेंडू त्याच्या हातून सुटल्यावर अर्ध्या सेकंदाच्या आत फलंदाजापुढच्या प्लेटवर असतो. तेवढ्यात पोराने तो पाहायचा, मारायचा की सोडायचा ते ठरवायचं आणि बॅट फिरवायची. बॅटीत तीन औंस जास्त भरले तर ते याच अर्ध्या सेकंदातून वसूल होतात.

बॅटवर दोन आकडे छापलेले असतात, लांबी इंचांत आणि वजन औंसांत. त्यांच्या वजाबाकीला ड्रॉप म्हणतात. ३० इंच लांब, २० औंस वजन, म्हणजे ड्रॉप १०. इंचातून औंस वजा! आमच्या गणिताच्या मास्तरांपुढे मी हे केलं असतं तर तास संपेपर्यंत वर्गाबाहेर उभा राहिलो असतो. इथे सगळा धंदा या वजाबाकीवर चालतो, आणि तिच्यातून मुख्य गोष्ट कळतच नाही. ती अशी, की वजन आहे कुठे. दोन बॅटी घ्या, दोन्ही ३० इंची, दोन्ही २० औंसांच्या. एकीचं वजन हाताकडे, दुसरीचं टोकाकडे. पहिली पोर फिरवतं, दुसरी पोराला फिरवते. याला जडत्व आघूर्ण म्हणतात. बारावी सायन्सला आपण सगळ्यांनी तो पाठ केला, त्यावर मार्क मिळवले, त्या मार्कांवर इंजिनिअर झालो, त्या डिग्रीवर इथवर आलो, आणि बॅट घेताना रंग बघतो.

छापलेल्या वजनावरही फार विसंबू नका. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहा, पुष्कळदा औंसभर इकडेतिकडे निघतं.

मग येतो आपला खास देशी तोडगा, वाढत्या अंगाची बॅट. जूनमध्ये गणवेश घेताना बाही चार बोटं लांब आणि हाफ पँट गुडघ्याखाली, कारण पुढच्या जूनपर्यंत पुरली पाहिजे. कपड्यांच्या बाबतीत ते शहाणपणाचं होतं. बाही दुमडता येते. बॅटीचे दोन इंच दुमडता येत नाहीत. फार तर हात वर सरकवून धरता येते, आणि त्यात कमीपणा काही नाही. मेजर लीगमधल्या बॅरी बाँड्सने २००१ मध्ये ७३ होमरन मारले ते हात वर सरकवूनच. पण मी पोराला तसं धरायला सांगितलं की कुंपणापलीकडून बापाचा आवाज येतो, "अरे पूर्ण धर ना, एवढी मोठी घेतलीय!"

जड बॅट घेतलेलं नऊ वर्षांचं पोर एकदा नीट पाहा. मागचा खांदा पडतो. बॅरल, म्हणजे बॅटीचा जाड भाग, मनगटाखाली लोंबतं. कोपर अंगापासून सुटून बाहेर येतं, आणि चेंडू कॅचरच्या ग्लोव्हमध्ये जाऊन विसावल्यावर बॅट प्लेटवरून जाते. बाप ओरडतो, "लवकर फिरव!" पोर आज्ञाधारक असतं. ते लवकर फिरवायला लागतं, म्हणजे चेंडू पाहण्याआधीच मारायचं ठरवून मोकळं होतं. मग डोक्यावरचा चेंडूही मारतं आणि घोट्याशी आलेलाही. एका हंगामात ही खोड अशी मुरते की पुढे हलकी बॅट दिली तरी खांदा पडतच राहतो, आणि ती काढायला बाप तासाला शंभर डॉलर घेणारा खासगी कोच लावतो. त्या कोचचं पहिलं वाक्य असतं: "ही बॅट याला जड आहे." शंभर डॉलरला मिळालेलं हे वाक्य बापाला पटतं. माझ्याकडून फुकट मिळालं तेव्हा पटलं नव्हतं.

बरं, "पुढे पुरेल" हा हिशेब तरी खरा आहे का? नाही. हायस्कूलच्या दारात बॅटीचा कायदाच बदलतो. तिथे बीबीकोर नावाच्या मानकाचा शिक्का लागतो, कॉलेजांनी २०११ मध्ये आणि शाळांनी २०१२ मध्ये लागू केलेला, आणि ड्रॉप तीनपेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे ३२ इंची बॅट किमान २९ औंसांची हवी. बाराव्या वर्षी घेतलेली ड्रॉप १० तिथे पायरीवर काढून ठेवावी लागते, तिला चारशे पडले असोत की चाळीस. म्हणजे मोठी बॅट आज झेपत नाही म्हणून वाया, आणि उद्या चालत नाही म्हणून वाया.

माप घ्यायची रीत दोन मिनिटांची आहे. हँडलच्या टोकाचा गोळा छातीच्या मध्यावर टेकवायचा, बॅट बाजूला आडवी करायची आणि तिच्यालगत हात लांब करायचा. बोटं टोकापर्यंत पोचली की लांबी बरोबर. मग बॅट एका हातात देऊन खांद्याच्या रेषेत ताठ धरायला सांगायची. वीस-पंचवीस सेकंदांत टोक झुकायला लागलं तर जड. नंतर पाच-दहा वेळा फिरवून पाहायला सांगायचं आणि पोराला विचारायचं. हे सगळं दुकानात फुकट होतं. अडचण एवढीच, की त्यासाठी पोराला दुकानात न्यावं लागतं. आमच्याकडे बॅट रात्री साडेअकराला ऑनलाइन मागवली जाते, पोर झोपलेलं असताना.

आता पैशाकडे येतो, कारण खरी चीड तिथली आहे.

१ जानेवारी २०१८ पासून लिटल लीग, कॅल रिपकेन अशा मोठ्या बाल-लीगांमध्ये यूएसए बेसबॉलचा शिक्का असलेलीच बॅट चालते. (अखंड लाकडाच्या बॅटला शिक्का लागत नाही, पण अखंड लाकडाची बॅट घेऊन येणारं पोर आमच्या मैदानावर मला अजून भेटायचं आहे.) हा शिक्का सांगतो तरी काय? बॅट धातूची असो वा कार्बन धाग्यांच्या कंपोझिटची, तिच्यावरून सुटणारा चेंडू साधारण लाकडी बॅटीइतकाच जोरात गेला पाहिजे. हेतूच तो आहे. प्रयोगशाळेत चाचणी होते, मर्यादा ठरलेली आहे, आणि ती साठ डॉलरच्या बॅटला आणि चारशे डॉलरच्या बॅटला एकच आहे. चेंडू जास्त लांब जावा म्हणून तुम्ही जे तीनशे चाळीस डॉलर वर मोजता, ते चेंडू जास्त लांब जाऊ नये अशा अटीवर विकल्या जाणाऱ्या वस्तूसाठी मोजता. जगात दुसरा कुठला ग्राहक इतक्या आनंदाने हे करत असेल असं मला वाटत नाही.

महागडीत काहीच नसतं असं मी म्हणणार नाही. दोन तुकडे जोडून केलेल्या कंपोझिट बॅटीत कंप हातापर्यंत कमी पोचतो, आणि चेंडू जरा चुकीच्या जागी लागला तरी खपून जातो. एप्रिलच्या थंडीत चेंडू हँडलजवळ लागला तर साध्या अ‍ॅल्युमिनियमच्या बॅटीने बोटं झिणझिणतात, पोराच्या डोळ्यांत पाणी येतं, हे खरं आहे. पण त्याच कंपोझिट बॅटीबरोबर बारीक अक्षरांत सूचना येते, की कडक थंडीत वापरू नका, तडा जाईल. आमचा हंगाम सुरू होतो एप्रिलात. म्हणजे जिच्यामुळे थंडीत हात वाचायचे ती बॅट थंडीत बॅगेत, आणि पोर गरीब मित्राची अ‍ॅल्युमिनियमची उसनी घेऊन खेळतं. वीस डॉलरचे बॅटिंग ग्लोव्हज घेतले असते तर एवढं रामायण झालं नसतं.

महाग म्हणजे निदान भरवशाची, असंही नाही. नवा नियम लागू झाला त्याच वर्षी ईस्टन कंपनीची घोस्ट एक्स नावाची बॅट दुकानांत झळकत होती, साडेतीनशे डॉलरच्या घरातली. तिचं ३० इंच, २० औंसांचं माप यूएसए बेसबॉलने मे २०१८ मध्ये बाद ठरवलं, हंगाम ऐन भरात असताना. वापरून मुरली की ती मर्यादेपेक्षा जोरात मारते, असं चाचणीत आढळलं. पोरांच्या हातातून बॅटी काढून घ्याव्या लागल्या. तेव्हा काही बापांना हळहळ वाटली ती पैशांची नव्हती. खरोखर जोरात मारणारी एक बॅट शेवटी हाती लागली होती आणि ती गेली, याची होती.

ती हौस भागवायला दुसरं दुकान उघडंच आहे. ट्रॅव्हल टीम म्हणजे गावोगाव फिरून खेळणारे, हजारो डॉलर फी घेणारे संघ. त्यांच्या बऱ्याच स्पर्धा यूएसएसएसए नावाच्या संघटनेच्या नियमांनी होतात. तिचा शिक्का वेगळा, मर्यादा सैल, बॅट जास्त सणसणीत. ती बॅट लिटल लीगमध्ये चालत नाही. म्हणून शनिवारी गावाकडून खेळताना एक आणि रविवारी स्पर्धेत दुसरी. मनगटं तीच, खांदा तसाच पडलेला, बॅटी दोन, डॉलर आठशे.

आणि हे सगळं ज्या धातूपासून सुरू झालं तो धातू स्वस्ताई म्हणून आला होता! लाकडी बॅटी मोडत, दर हंगामात नव्या घ्याव्या लागत. लिटल लीगने १९७१ मध्ये अ‍ॅल्युमिनियमला परवानगी दिली, कॉलेजांनी १९७४ मध्ये. एकदा घेतली की मोडत नाही, थोरल्याची धाकट्याला होते, संघाची दहा वर्षं संघाला होते. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की पोकळ नळीची भिंत पातळ केली तर ती चेंडूच्या आघाताने किंचित आत दबते आणि उसळून बाहेर येते. लाकडावर आदळलेला चेंडू स्वतः चपटा होतो आणि त्या चपटं होण्यात त्याची बरीच शक्ती वाया जाते. पातळ धातूवर तो कमी चपटा होतो, कारण दबण्याचं काम बॅट करते, आणि दबण्यात घेतलेलं बहुतेक सगळं ती परत देते. हे कळलं आणि स्वस्ताई संपली. दर वर्षी नवा मिश्रधातू, नवं नाव, नवी किंमत. मग कंपोझिट आलं. कंपोझिट वापराने आतून सैल पडलं की आणखी जोरात मारतं हे कळल्यावर लोक कोरी बॅट यंत्रात दाबून सैल करून घेऊ लागले, टोकाची टोपी काढून भिंत आतून खरवडून घेऊ लागले. लिटल लीगने २०१० च्या अखेरीस बारा वर्षांपर्यंतच्या गटांत कंपोझिट बॅटींवर बंदी घातली, आणि नंतर चाचणीला उतरलेल्यांना एकेक करून परवानगी दिली. शाळकरी पोरांच्या खेळासाठी बॅट खरवडून देणारे कारागीर तयार झाले, आणि त्यांना गिऱ्हाईक कमी पडलं नाही. ते गिऱ्हाईक शाळकरी नव्हतं, हे सांगायला नको.

"पण कोच, मर्यादा हवीच कशाला?" असं विचारणारेही आहेत. त्यांना मी ४६ फूट चालून दाखवायला सांगतो. २००६ मध्ये आमच्याच राज्यात बारा वर्षांच्या एका पिचरच्या छातीवर धातूच्या बॅटीने मारलेला चेंडू थेट बसला. हृदय थांबलं. मुलगा वाचला, पण मेंदूला प्राणवायू न मिळाल्यामुळे कायमचा परावलंबी झाला. बॅट बनवणारी कंपनी, ती विकणारं दुकान आणि लिटल लीग यांच्यावरचा दावा २०१२ मध्ये १ कोटी ४५ लाख डॉलरवर मिटला. त्याआधी २००३ मध्ये मोंटाना राज्यात एक अठरा वर्षांचा पिचर डोक्याला चेंडू लागून गेला होता. आमच्या शेजारी न्यूयॉर्क शहराने २००७ मध्ये हायस्कूलच्या सामन्यांत धातूच्या बॅटींवर बंदीच घातली. महापौर ब्लूमबर्ग यांनी कायदा परत पाठवला, नगरसभेने तो पुन्हा मंजूर केला, बॅटवाले कोर्टात गेले आणि हरले. लाकडाने मारलेला चेंडू फुलासारखा येतो असं नाही. लाकडानेही दुखापत होते. पण सणसणीत बॅट मागणारा बाप एक गोष्ट सोयीस्कर विसरतो. पुढच्या डावात त्याचंच पोर त्या ४६ फुटांवर उभं राहणार असतं, आणि समोरच्या संघातल्या बापानेही तीच जाहिरात पाहिलेली असते.

मोठे खेळाडू काय वापरतात, हा नेहमीचा युक्तिवाद. बेब रूथ ४० औंसांहून जड सोटा फिरवायचा, हे सगळ्या बापांना पाठ असतं. १९४१ मध्ये .४०६ च्या सरासरीने खेळलेला टेड विल्यम्स हलक्या बॅटीचा कट्टर पुरस्कर्ता होता, हे कुणाला नको असतं. आठ वेळा सरासरीत पहिला आलेला, ३,१४१ हिट्स केलेला टोनी ग्विन जेमतेम ३१ औंसांची, मोठ्या लीगच्या मानाने लहानखुरी बॅट वापरायचा, हेही नको असतं. रूथ एक होता. पोरगं तुमचं चौथीत आहे.

२९ मार्च २०२५ ला न्यूयॉर्कच्या यँकीज संघाने मिलवॉकीविरुद्ध एका सामन्यात नऊ होमरन मारले. त्यांच्यातले काही जण नव्या आकाराची बॅट घेऊन उतरले होते. फुगवटा नेहमीपेक्षा हाताकडे सरकलेला आणि टोक निमुळतं. टॉर्पीडो म्हणतात तिला. मागे डोकं अ‍ॅरन लीनहार्ट याचं, जो एमआयटीत भौतिकशास्त्रात डॉक्टरेट करून बेसबॉलमध्ये आला. कल्पना चांगली आहे. फलंदाज नेमका कुठे चेंडू मारतो ते मोजायचं आणि लाकूड तिथे न्यायचं. म्हणजे बॅट माणसाच्या मापाने घडवायची. आठवडा संपायच्या आत मला विचारणा, "दादा, टॉर्पीडो घेऊ का?" मी म्हटलं, त्या नऊतले तीन होमरन अ‍ॅरन जजचे होते, आणि जजच्या हातात नेहमीचीच जुन्या आकाराची बॅट होती. तो गृहस्थ लगेच म्हणाला, "हो, पण जज सहा फूट सात इंच आहे!" म्हणजे माणसाच्या देहावर सगळं आहे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. स्वतःच्या मुलाची उंची मात्र त्याला अजूनही सांगता आली नाही.

हा नुसता अडाणीपणा असता तर मी एवढं लिहिलं नसतं. आम्ही हा खेळ लहानपणी खेळलेलो नाही. पलीकडच्या घरातला गोरा बाप संध्याकाळी अंगणात पोराबरोबर चेंडू फेकत असतो. आम्हाला तसा फेकता येत नाही. फेकला तर वाकडा जातो, ग्लोव्हमध्ये येतो तो बोटावर बसतो, आणि आपलंच पोर "बाबा, असं नाही" म्हणतं. कंपनीत चाळीस जणांचा बॉस असलेल्या माणसाला हे सहन होत नाही. तो आत जातो आणि पाकीट काढतो. चारशे डॉलर हा त्या अर्ध्या तासाच्या ओशाळेपणातून सुटण्याचा दंड आहे, आणि तो भरला की आपलं कर्तव्य झालं असं त्याला मनापासून वाटतं. गोरे बाप धुतल्या तांदळाचे आहेत असं कुणी समजू नये. त्यांच्याकडे हायस्कूलच्या बाकावर बसून काढलेल्या हंगामाचं जुनं दुखणं असतं, आणि त्याचा दंड ते आमच्यापेक्षा मोठा भरतात. पण ते निदान भरता भरता चेंडूही फेकतात.

फेकता येत नसेल तर पोराच्या बाजूला गुडघ्यावर बसा आणि पाच-सहा फुटांवरून चेंडू अलगद वर टाका. याला सॉफ्ट टॉस म्हणतात, याला कुठलंही बालपण लागत नाही. चेंडू ठेवून मारायची एक रबरी टी, बादलीभर भोकांचे प्लास्टिक चेंडू, दोन्ही मिळून पन्नास-साठ डॉलर. मोबाइल खिशात ठेवावा लागतो, एवढी एकच महागडी अट.

डॉमिनिकन रिपब्लिकमधली पोरं झाडूचा दांडा आणि पाण्याच्या मोठ्या बाटलीचं झाकण घेऊन खेळतात. झाकण हवेत वळतं, बुडतं, शेवटच्या क्षणी सरकतं. दांडा इंचभर जाडीचा. ते ज्याला मारता येतं त्याला चेंडू मोठा दिसतो. विली मेज मोठ्या लीगमध्ये आल्यावरही हार्लेमच्या रस्त्यावर पोरांबरोबर झाडूच्या दांड्याने स्टिकबॉल खेळायचा. गरिबीचं कौतुक मला करायचं नाही. त्या बेटावरची पोरं कोवळ्या वयात शाळा सोडून दलालांच्या हाती लागतात, आणि त्यातली बहुतेक कुठेच पोचत नाहीत. पण नजर आणि मनगट हलक्या, बारीक दांड्यावर तयार होतं, ही गोष्ट विटीदांडू खेळून वाढलेल्या माणसाला मी सांगावी लागते, याचं मला नवल वाटतं.

पोरांना स्वतःला या बॅटींचं काही नसतं, हेही सांगतो. डगआउटमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या बाकांपाशी, मोकळी सोडली की ती एकमेकांच्या बॅटी उचलतात, फिरवून बघतात, "ही मस्त आहे" म्हणतात आणि जी हाताला बसली ती घेऊन जातात. बॅट निवडण्याची याहून चांगली रीत कुठल्या प्रयोगशाळेने काढलेली नाही. मग कुंपणाच्या जाळीतून आवाज येतो, "आपली बॅट कुणाला द्यायची नाही, सांगितलंय ना?" आणि पोर हाताला बसलेली खाली ठेवून आपली उचलतं.

प्रत्येक संघाला लीगकडून एक पिशवी मिळते. आमच्या पिशवीत २६ इंचांपासून ३० इंचांपर्यंत वेगवेगळ्या मापांच्या, साध्या अ‍ॅल्युमिनियमच्या, शिक्का असलेल्या बॅटी आहेत. पालकांच्याच फीमधून घेतलेल्या. त्यांना हात लावणं म्हणजे घरी बॅट नाही असं चारचौघांत कबूल करणं, म्हणून त्यांच्यावर एक ओरखडा नाही.

गेल्या शरद ऋतूत लीगच्या कार्यकारिणीपुढे मी ठराव मांडला. दहा वर्षांखालच्या गटांत फक्त संघाच्या पिशवीतल्या बॅटी वापराव्यात. सगळ्यांना सारख्या, पोराने हवी ती उचलावी, घरची बॅट घरी. चर्चा झाली. एका सभासदाने सुचवलं की याने मुलांचा आत्मविश्वास खचेल. दुसऱ्याला काळजी, की चिडलेले पालक मुलं शेजारच्या गावच्या लीगमध्ये नेतील. बॅटींच्या दुकानाची जाहिरात आमच्या मैदानाच्या कुंपणावर आहे, हे कुणी काढलं नाही, मीच काढलं, आणि अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. ठराव माझ्या एका मताविरुद्ध सगळ्यांच्या मतांनी पडला. जानेवारीच्या बैठकीत पुन्हा मांडणार आहे. बैठक पालकांना खुली असते. बॅटींच्या विषयाला त्यांच्यापैकी कुणी आलं नव्हतं. त्याआधी पार्किंगचा विषय होता, तेव्हा खुर्च्या कमी पडल्या होत्या.